नावेच्या इंजिनाची नळी

चि. बब्रुवान,

नाव पाण्यात सोडण्याआधी इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीत तार घालून बघ. काल सांगितलं तर "इंजिनातलं तुला काय कळतंय, आई," म्हणून हसलास. उन्हाळाभर इंजिन बंद राहिलं की कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते. हेच इंजिन आपल्या विहिरीवर होतं, तेव्हा तुझे वडील, तात्या, दरवर्षी ती माती काढायचे. मग इंजिन चालू करून, नळीतून परत येणाऱ्या पाण्याखाली मला हात धरायला लावायचे.

"कोमट हाय?"

"व्हय."

"मग न्हाय तापायचं."

पाणी आलं नाही तर लगेच बंद कर. अयोध्या पोटुशी, तिला आठवा महिना लागलाय. दवाखान्याला जाताना तळ्याच्या मधोमध अडकू नका.

मी काठाकाठानं पायी निघाले आहे, पलीकडं भेटते. धरण होऊन गाव तळ्याखाली गेल्यापासून मला नावेत बसवत नाही. वाकलं तर खाली आपलं अंगण दिसेल, असं वाटत राहतं.

विहिरीकाठच्या वाळल्या चिंचेचा पाण्याबाहेर राहिलेला शेंडा जवळ आला की नळीखाली हात धर. तिथं इंजिन ओढेल ते आपल्या विहिरीचं पाणी.

आई