गजाच्या सायलेन्सरचं रीडिंग

३ जानेवारी १९८३, पहाटे ५.१०
गजा दूधवाल्याने मोटारसायकल पुन्हा माझ्याच खिडकीखाली सुरू केली. किटल्या अडकवतो, चोक ओढतो, सगळा धूर माझ्या घरात. ही म्हणाली, खिडकी लावून घ्या. का लावू? खिडकी माझी, धूर त्याचा. आजपासून भांडण बंद. सायंटिफिक पुरावा गोळा करायचा आणि ती गाडी आळीतून कायमची हाकलायची. साजगावच्या कागद कारखान्यात एकोणीस वर्षं कागदाचा पांढरेपणा तपासतोय. मला काळेपणा कळणार नाही?

४ जानेवारी
लॅबमधून फिल्टर पेपर आणला. ही चोरी नव्हे, जनहित. पट्ट्या कापल्या. कोरी पट्टी म्हणजे ग्रेड शून्य, तव्याचं बूड म्हणजे दहा. पद्धत माझी स्वतःची.

५ जानेवारी
सायलेन्सरला पट्टी लावली. ग्रेड सहा. आळीत जाहीर केलं. गजा दात काढून म्हणाला, आवं अण्णा, उभ्या गाडीचा धूर काय मोजताय? रस्त्याला लागली की धूर नाय न् काय नाय. चालू गाडीचा मोजा की. शेजारची पुतळाबाई फिदीफिदी हसली. तिलाही बघून घेईन.

रात्री: मुद्दा बरोबर आहे. पण तो मला आधीच सुचला होता. बोललो नव्हतो इतकंच.

८ जानेवारी
काठीला पट्टी बांधून सायकलवरून पाठलाग. शिळफाट्याला पोचलो, म्हणजे गजा पोचला. मध्येच एक ट्रक घुसला. पट्टी झकास काळी झाली, पण ट्रकच्या धुराने. रीडिंग रद्द. गुडघा फुटला. त्यालाही गजाच जबाबदार.

९ जानेवारी
अंग ठणकतंय. हिने दाट दुधाचा चहा दिला. गजाचं दूध या घरात येणार नाही, असं दिवाळीतच बजावलंय. ही कुठूनसं त्याच्यापेक्षा चांगलं आणते. शिस्त लावली की बायको शिकते.

१२ जानेवारी
निर्णय झाला. त्याच्याच गाडीवर मागे बसायचं, तोंड उलट्या दिशेला करून. वाटलं, गजा घाबरून नाही म्हणेल. म्हणाला, बसा की, पडू नका म्हंजे झालं. मूर्ख. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय.

१६ जानेवारी, रविवार
घाटात टेस्ट. माकडटोपी घातली, गजाच्या पाठीला पाठ लावली. एका हाताने कॅरियर, दुसऱ्या हातात पट्टीची काठी. शिळफाट्याला चहावाल्यासकट सगळे उठून उभे राहिले. एकाने सलामही ठोकला. लोकांना कामाची कदर आहे.
चढणीला गाडी गुरगुरली आणि पट्टी काळी ठिक्कर. ग्रेड दहा! माझं तोंडही दहा. आणि वास रॉकेलचा! पेट्रोलमध्ये रेशनचं रॉकेल मिसळतो, चोर. सापडला! उतरताना त्याने हात दिला. मी घेतला नाही. पडलो.

१७ जानेवारी
कारखान्यात दांडी मारून खालापूरला पुरवठा खात्यात अर्ज दिला. पट्ट्या जोडल्या. ठणकावून लिहिलं की रॉकेल घेणाऱ्याइतकाच देणारा गुन्हेगार, त्याचं रेशनकार्ड रद्द करा, दयामाया नको. हिला वाचून दाखवलं. म्हणाली, अहो, जाऊ द्या ना, कशाला कुणाच्या पोटावर पाय? रात्री जेवली नाही. फार हळवी आहे.

२४ जानेवारी
पुरवठा खात्याचे साहेब आले. सगळी आळी जमली. मी भाषण पाठ केलं होतं. साहेबांनी टाकी हुंगली आणि माझं म्हणणं मान्य केलं. आयुष्यात प्रथमच कुणीतरी मान्य केलं. मग गजाला विचारलं, रॉकेल देतं कोण? गजा किटलीचं झाकण पुसू लागला. मी ओरडलो, बोल की रं, कुणाला पाठीशी घालतोस? तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.
तेवढ्यात ही पदर खोचून पुढे आली. म्हणाली, मी देते. आमच्याकडे गॅस आलाय, रॉकेल पडून असतं. बदल्यात दूध घेते.
साहेबांनी माझाच अर्ज पुन्हा वाचला आणि त्याबरहुकूम कारवाई केली. कार्ड माझ्या नावावर. जप्त. गजाला नुसती ताकीद! गाडी आळीतच राहणार. आणि घरात फितुरी, तीही माझ्याच चहात.

३० जानेवारी
गॅस संपला. नवा सिलिंडर महिन्याने. ही म्हणाली, स्टोव्हला रॉकेल आणा, नाहीतर मी कर्जतला बहिणीकडे चालले. पुतळाबाईकडे मागितलं. म्हणाली, नगं बाबा, तुमी अर्ज कराल. आणखी दोन दारं वाजवली. तिथेही तेच.
संध्याकाळी बाटली घेऊन गजाकडे गेलो. सगळी आळी दारात उभी. मी तोंडात मारल्यासारखं उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने बाटली काठोकाठ भरली, बूच घट्ट बसवलं, फडक्याने पुसून माझ्या हातात दिली.
एक शब्दसुद्धा बोलला नाही, नालायक.