मिश्री लावून काढलेला फोटो

आये, गेल्या शुक्रवारी मी तोंडाचा फोटो काढून घेतला. चेहऱ्याचा नाय, तोंडाच्या आतला, तुझा काढला होता तसा. इथं मस्कतला माझ्या खोलीत रोह्याचा एक भाई राहतो, फ्लॅशवाला कॅमेरा त्याचाच. मी लोणचं बाजूला सारतो, रोटी पाण्यात बुडवून गिळतो, हे त्यानंच पाहिलं. म्हणाला, "तीन बोटं उभी घाल बघू तोंडात." दोन गेली. तिसरं दातावर अडलं. तोवर तो हसत होता, मग उठून त्यानं कॅमेरा काढला.

डाव्या गालाला आतनं पांढरा चट्टा आहे. क्रेनखाली उभा असलो तरी जीभ सारखी तिथंच जाते. मी कुठं टिकणारा नाय, तुला ठाऊक आहे. नागोठण्याचं कंत्राट सोडलं, मग सुरत सोडलं, आता इथं आलो. पण हे तोंड कुठं सोडून जाऊ? इथल्या डॉक्टरला दाखवलं आणि त्यानं काही लिहिलं, तर कंपनी विमानात बसवून घरी धाडील. भाई म्हणतो, "आपली रोह्याची नर्सबाई अजून मुंबईला फोटो धाडते. तू इथनं पाकीट टाक. मोठा डॉक्टर बघंल नि बाई आपल्या ऑफिसात फोन करून तुलाच सांगंल. इतका कशाला भितोस?"

त्या बाईचं नाव निघालं आणि मला तू दिसायला लागलीस. मिठागरातनं आलेली, पायांना भेगा, आणि पेटीतलं हिरवं लुगडं नेसून माझ्याबरोबर रोह्याच्या एसटीत बसलेली. तुझ्या तोंडात चट्टा होता, त्याला तू "चुना लागला" म्हणायचीस. रोह्याच्या दवाखान्यात बायांची रांग. नर्सबाई चमच्यानं गाल ओढते, बॅटरी मारते, फोटो काढते. मुंबईचा डॉक्टर काय रोह्याला येत नाय, म्हणून त्याच्याकडे फोटोच जातात. तुझी पाळी आली तशी तू डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि लग्नाच्या फोटोला बसावं तसं तोंड घट्ट मिटून बसलीस. "मावशी, उघडा," बाई म्हणाली. बाया खो खो हसल्या.

पुढच्या बाजारच्या दिवशी आपण एसटीडी बूथच्या बाहेर उभे. काचेच्या आत नर्सबाई, कानाला फोन. बाहेर सगळ्या बायांचे डोळे तिच्या तोंडावर. एकेकीचं नाव घ्यायची, ऐकायची आणि काचेतनंच मान हलवायची, म्हणजे जा घरी. ती बाई पदरानं डोळे पुसत सुटायची. तुझं नाव घेतलं आणि मान हलली नाय. बाई बाहेर आली ती चिडूनच. "अहो मावशी, डॉक्टर म्हणतात सगळं काळंच दिसतंय! मिश्री लावून आला होतात?"

"मंग?" तू म्हणालीस. "परक्या मानसाला तोंड दाखवायचं, तं पारोश्या तोंडानं येऊ?"

सगळ्या हसल्या, बाईसुद्धा हसली. मीही हसलो, केवढा मोकळा होऊन हसलो. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटानं दातांना घासायची, हे आपल्याकडे तोंड धुणंच. त्यात कुणाला काय वेगळं वाटणार? बाईनं त्या फोटोची तिच्याकडची प्रत तुझ्या हातात दिली. "परत काढू, नुसत्या पाण्यानं चूळ भरून या."

तू म्हणालीस, भाताची आवणी होऊ दे. आवणी झाली, तर पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगाचं काम लागलं. "देव एकदा गाडीत चढू देत, मंग जाऊ." देव गेले. आपण गेलो तेव्हा चमचा आत जाईना. त्या वेळी बाईनं बूथमधनं मान हलवली नाय की बाहेर येऊन चिडली नाय. फोन ठेवून ती आतच उभी राहिली. पुढचं तुला ठाऊक आहे. शेवटी शेवटी तुला पेजसुद्धा गिळवत नव्हती.

तो पहिला फोटो माझ्याकडे आहे. तुझा दुसरा फोटो कुठंच नाय, आये. अर्धं नाक, बाईचा अंगठा, चमच्याची दांडी आणि काळंभोर तोंड. परवा मी तो आरशाला टेकवून ठेवला आणि स्वतःचा गाल ओढून बघत बसलो. तुझा चट्टा कसा होता ते बघायचं होतं. पण त्यात चट्टा नायच, नुसती मिश्री.

आज माझा फोटो धुऊन आला. भाईनं उजेडात धरला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "मिश्री घासून बसलास व्हय रे? येड्या, ह्यात काय दिसनार त्या डॉक्टरला?" मी म्हटलं, सवयीनं लागली असंल. तो म्हणाला, "शुक्रवारी परत काढू. मी उभा राहून चूळ भरायला लावतो तुला."

ही चिठ्ठी टाकायला पत्ता नाय. पाकिटाला पत्ता आहे, भाईनं लिहूनसुद्धा ठेवलाय, पण ते रिकामंच पडलंय. आये, मी सवयीनं नाय लावली. कॅमेऱ्यापुढं बसायच्या आधी संडासात जाऊन, दाराला कडी घालून, गालापर्यंत बोट फिरवून लावली. तेव्हा मला तुझं ते मिटलेलं तोंड आठवलं, आणि वाटलं, आपण सगळे उगाच हसलो त्या दिवशी.

शुक्रवारी नुसत्या पाण्यानं चूळ भरीन. भरीन, असं लिहितोय. मिश्रीची डबी अजून उशाखालीच आहे.