पुंजण्याची राखण

१७ नोव्हेंबर, सोमवार

मानसिक आरोग्याच्या पथकातली मयुरीताई आली होती. आदेशभाऊचा स्किझोफ्रेनिया घरच्यायवर किती भारी पडते, ते मोजून राह्यले म्हणे. मोजा बाई! प्रत्येक प्रश्नाले तीनच उत्तरं — कधीच नाई, कधी कधी, नेहमी. मायचं एकच. कधीच नाई!

'घरी पाहुणे येणं कमी झालं का?'

'रस्ता खराब आहे न बाई. कोण येईन?'

मले हसू आलं अन् रागही. मागच्या पोळ्याले भाऊनं माझा मोबाईल चुलीत टाकला, त्यातली बाई शिव्या देते म्हणून. तेव्हा हीच माय कपाळ बडवत बसली होती.

मग ताईनं विचारलं, 'याच्यामुळे बहिणीच्या लग्नाले अडचण येते का?' माय उठली अन् कोंबड्यायले दाणे टाकत बसली. झालं उत्तर!

भाऊ तिथीच ओट्यावर दोर वळत होता. सगळं त्याच्यासमोर. तो ऐकते, हे आम्ही विसरूनच जातो.

२० नोव्हेंबर

वरोऱ्याचं स्थळ रविवारी मले पाहायले येते. बाबानं ठरवलं — त्या दिवशी आदेशभाऊ पोचूकाकासंगं वावरात. धान कापून पेंढ्यायचं पुंजणं रचलं आहे, रानडुकरं नासधूस करतात, राखण पाहिजे. पाहुण्यायले त्याचं नावही सांगायचं नाई.

मी मान हलवली. मले लग्न पाहिजे. इथी तरी लिहू दे — पाहिजे! माझ्यासंगच्या पोरीयची पोरं शाळेत जातात.

२१ नोव्हेंबर

भाऊ म्हणे, 'रविवारी राखण काऊन?'

म्हटलं, 'डुकरं, भाऊ.'

'दिवसा डुकरं येत नाईत.'

२३ नोव्हेंबर, रविवार



पाहुणे बसले होते. पोराचे वडील गुणवंतराव, पोरगा, त्याची मावशी. मी पोह्यायच्या प्लेटा घेऊन बाहेर आली अन् फाटकातून आदेशभाऊ! डोक्यावर तणसाचा भारा. पोचूकाकाचा डोळा लागला असन. बाबाचं तोंड पांढरं पडलं. मायनं पदर तोंडात कोंबला.

गुणवंतरावनं विचारलं, 'हे कोण?'

भाऊनं भारा खाली ठेवला, हात जोडले.

'मी यायचा सालगडी आहो जी.'

अन् गेला कोठ्याकडे, बैलायले तणस टाकाले. मावशीबाई म्हणे, 'कामाचा दिसते गडी.' मी पोहे वाढले. वाढले मी पोहे!

२४ नोव्हेंबर

वरोऱ्याहून होकार आला. बाबा म्हणे, 'पोरगा शहाणा आहे माहा, लाज राखली त्यानं.' मायनं साखर वाटली.

जेवताना भाऊनं ताट उचललं अन् ओट्यावर जाऊन बसला. माय म्हणे, 'पुरे झालं नाटक, ये आत.' तो म्हणे, 'गडी आत जेवते का?' आम्ही हसलो. त्याची गंमत वाटली.

२७ नोव्हेंबर

गंमत नाई. तो आता कोठ्यातच झोपते, बैलायजवळ. थंडी मरणाची. घरात ये म्हटलं का 'मालक रागावतीन' म्हणते. मालक म्हणजे बाबा!

माय मले बाजूले घेऊन म्हणे, 'लग्न होईस्तोवर राहू दे न वो तसाच. तेवढंच निभते.' बोलली अन् मग चुलीपुढं बसून ढसाढसा रडली. तिच्यावर चिडू का तिले जवळ घेऊ, मले समजलंच नाई. तशीच उभी राह्यली.

३० नोव्हेंबर

सकाळी मीच वरोऱ्याले फोन लावला. 'तो गडी नाई, माझा सख्खा मोठा भाऊ आहे.' दुपारपर्यंत नकार आला. बाबा माझ्याशी बोलत नाई.

कोठ्यात गेली. म्हटलं, 'चाल भाऊ घरात. मोडलं लग्न. आता कोणी येत नाई.'

तो लगबगीनं उठून उभा राह्यला. डोक्याचा दुपट्टा काढून हातात धरला. मान खाली.

'नाई बाई. मी इथीच बरा.'

मले बाई म्हणे!