कबुतरां आमची न्हय!

अहो,

तिकडे जाऊन वर्ष होत आलं तुम्हाला, आणि मी आज पहिलं पत्र लिहितेय. रागावू नका, कारणच तसं घडलंय. पुंडलीक सुधारला! हो, तोच, कुंपणापलीकडचा, ज्याच्याशी तुम्ही तुये गावच्या फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून रोज सकाळी दात घासायच्या आधी भांडायचात. परवा आपल्या सोप्यावर आला, नारळ ठेवला, हात जोडले आणि म्हणाला, ‘वयनी, चूक म्हजीच आसली. कबुतरांना दाणे घालणं मी बंद केलं.’ माझ्या हातातली बाल्दी खाली पडली.

दुसरी कोणी असती तर तिने पेढे वाटले असते. मला मात्र घाम फुटला. भांडखोर माणूस गोड बोलायला लागला की काय समजायचं, ते मी तुमच्यावरून शिकलेय ना!

तुम्हाला ते दिवस कसे आठवणार? तुम्ही तुमच्यात होतात कुठे? आधी नुसतं डोकं दुखायचं. मग एके दिवशी मी पेज वाढली आणि तुम्ही म्हणालात, ‘देव बरें करूं.’ आभार, आणि तेही मला! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! माशांच्या हुमणात मीठ घालायला विसरले, तरी बोटं चाटून उठलात. आपला उदय तर खूश. ‘आई, बाबांना उशिरा का होईना, शहाणपण आलं,’ म्हणाला आणि देवळात अभिषेक करून आला. मी म्हटलं, ‘अरे, हा तुझा बाप नव्हे. गाडी काढ.’

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, तक्रार काय? म्हटलं, ‘भांडत नाहीत.’ ते हसले. मग पाठीतलं पाणी काढलं, मेंदूच्या आवरणाला सूज आहे म्हणाले, टीबी असावा म्हणून औषधं सुरू केली. तुम्ही आणखीच गोड होत गेलात. नर्सला म्हणायचात, ‘बाय, माझ्यामुळे तुला किती त्रास!’ मी बाहेर जाऊन रडायचे. अहो, मला देवमाणूस नको होता हो! मला माझा माणूस हवा होता.

आणि मुळाशी काय? तुमची ती गोण! पुंडलीक पुण्य मिळवायला कबुतरांना तांदूळ घालायचा. खायचं त्याच्याकडे आणि हगायचं आपल्या गच्चीवर. तुम्ही पंचायतीत तक्रार केलीत, इथवर ठीक. पण ती वाळलेली घाण झाडून गोणीत भरून ठेवायची, ही कसली बुद्धी? म्हणे पुरावा! पंच आला की त्याच्यापुढे ओतायचात, धुरळा उडायचा, पंच शिंकत पळायचा, तुम्ही पुन्हा भरून ठेवायचात. वर आम्हाला ताकीद, कोणीही विचारलं तरी आपल्याकडे कबुतरं आहेत असं म्हणायचं नाही. म्हटलं की ती आपलीच ठरली आणि केस गेली! मग डॉक्टरांनी ‘घरात पक्षी आहेत का?’ विचारल्यावर उदयने काय सांगावं? ‘नाहीत.’ आज्ञाधारक पोर तुमचं!

नशीब, ती बेळगावची तरुण डॉक्टरीण आली. तिने सगळं पहिल्यापासून विचारायला घेतलं. शुगर कधीपासून, झोपता कुठे, आणि ‘कबुतरं वगैरे?’ कालपासून डोळे न उघडलेले तुम्ही गादीवरून अर्धे उठलात! ‘कबुतरां आमची न्हय! तीं त्या पुंडलिकाचीं!’ आणि पुन्हा आडवे. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. डॉक्टरीण हळूच म्हणाली, ‘कुठली कबुतरं, आजी?’ मी सगळं सांगून टाकलं, गोणीसकट. केस गेली तर गेली!

तिने पुन्हा पाणी काढलं, त्यात काळी शाई घालून यंत्राखाली पाहिलं आणि मला मोबाइलवर फोटो दाखवला. काळ्यावर गोल गोल दाणे, भोवती पांढरं कडं, शिजलेल्या साबुदाण्यासारखे. म्हणाली, ‘ही बुरशी. वाळलेल्या घाणीच्या धुळीतून श्वासात जाते. असा आजार क्वचितच होतो, म्हणून पटकन कोणाच्या डोक्यात येत नाही.’ मी विचारलं, ‘शिळ्या पावाला, उंड्याला लागते ती?’ म्हणाली, ‘तिची लांबची बहीण समजा. ही मेंदूपर्यंत पोचली.’ तेव्हापासून माझ्या एकादशीला साबुदाणा बंद.

किती आठवडे ती सलाइन! अंगात थंडी भरायची, मी चादरीवर चादर घालायचे. आणि एका सकाळी तुम्ही चहाचा घोट घेऊन ओरडलात, ‘आवशीक खाव! हा चहा की भांडी विसळलेलं पाणी?’ मी तिथेच बसून रडले. डॉक्टरीण धावत आली. म्हटलं, ‘बाई, शिवी दिली त्यांनी!’ तिलाही केवढा आनंद झाला. घरी येऊन गोण फेकली, तर ‘माझा पुरावा!’ म्हणून तुम्ही रात्री जेवला नाहीत. पुढे गेलात ते हार्टने. ‘माझ्या कबुतरांनी नव्हे,’ हे पुंडलिकाने सगळ्या वाड्यावर सांगितलं.

आणि आता हाच पुंडलीक कपाळ दाबत म्हणतो, ‘डोकं दुखतं हल्ली.’ त्याच्या बायकोला विचारलं, तर ती म्हणते, ‘जेवणालासुद्धा नावं ठेवत नाहीत गे. कसं शांत वाटतं घरात!’ गे बाय माझे! मी उदयला म्हटलं, गाडी काढ. पुंडलिकाला मागे बसवलं आणि बजावलं, ‘डॉक्टरपुढे एकही कबुतर लपवायचं नाही.’

तीच डॉक्टरीण. तिने रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. रिपोर्ट येईपर्यंत मी देवीला नारळ बोलले. पुंडलिकासाठी! तुम्ही ऐकलं असतंत तर पुन्हा हार्ट बंद पडलं असतं. पण सगळं स्वच्छ निघालं. डोकेदुखी चष्म्याच्या नंबरची. ‘मग हा भांडत का नाही?’ मी विचारलं. तिने त्यालाच विचारलं, ‘काका, घरात काही दुःख आहे?’ तो खाली बघत म्हणाला, ‘घरात न्हय. शेजारी.’

येताना गाडीत म्हणाला, ‘वयनी, सकाळी दाणे घेऊन उभा राहायचो. पलीकडून शिवीच येईना. मग घालू कोणासाठी?’ मला वाटायचं, रोज सकाळी तुमची आठवण काढणारी मी एकटीच.

म्हणून वचन देते. कबुतरं गेली ती गेली, ती पुन्हा नकोत. पण त्याच्या फणसाची फांदी आपल्या बाजूला आलीय आणि सगळी पानं आपल्या अंगणात पडतात. हे भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेलात. उद्या सकाळी, दात घासायच्या आधी, मी कुंपणाशी उभी राहणार. मला शिव्या नीट येत नाहीत, पण इतकी वर्षं ऐकल्यात, जमेल. तिकडून तो उलट ओरडला की तुम्हालाही ऐकू येईल. समजून जा, पुंडलीक बरा झाला.

तुमच्या जागी उभी राहिलेली,
शालिनी