वाचवलेली सहा मिनिटं

आणि ती बटणाएवढी बॅटरी मदरबोर्डवरून एकदाची निघाली. आता ती माझ्या डाव्या मुठीत आहे आणि उजव्या हाताने मी हे लिहितो आहे. मशीन अडलं तर बॅटरी काढून दहा मिनिटं थांबायचं, मग ते आपले सगळे उद्योग विसरतं, असं तूच सांगितलं होतंस. थांबलो आहे. थांबण्याचा मला बत्तीस वर्षांचा सराव आहे (तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत वजनमापांच्या निरीक्षकाने श्वाससुद्धा जपून घ्यावा, असं आमचे साहेब म्हणत).

तेव्हा, प्रिय खटपट्या, आधी आशीर्वाद घे आणि मग पुढचं वाच. कंबर कशी आहे? दिवसभर टेबलांखाली वाकून ऑफिसातले कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने कंबरेची चौकशी झाल्यावर 'बरी आहे' म्हणू नये, खरं सांगावं. इथे मी ठीक, तुझी ताई ठीक. तिचा कॉम्प्युटर मात्र दुपारी दोनपासून काळं तोंड करून बसला आहे. ती पाच वाजता आर्किटेक्टच्या ऑफिसातून परत येईल. उद्या सकाळी त्याच मशीनवर तिला काम आहे.

हे मी का केलं, ते आधी सांगतो. न बांधलेल्या इमारतींची ती चित्रं करते. एक चित्र तयार व्हायला मशीन चाळीस मिनिटं घेतं आणि तेवढा वेळ ते दुसरं काही करत नाही. दिवसाला आठ चित्रं. मी निवृत्त होऊन घरी बसल्यावर हे पहिल्यांदा पाहिलं आणि वाटलं, या बाईची संध्याकाळ हे डबडं खातंय. म्हणून तुला विचारलं. तू म्हणालास, प्रोसेसरला कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतं. वेग ठरवणारा छत्तीसचा आकडा एकेकाने वाढवायचा, दर वेळी अर्धा तास मशीनला राबवून घ्यायचं, तापमान लिहून ठेवायचं आणि व्होल्टेजला हात लावायचा नाही. मला जरा अवघडल्यासारखं झालं. कारखान्याच्या मापात फेरफार करणाऱ्यांना नोटिसा देण्यातच माझा जन्म गेला. पण वही घातली. तारीख, आकडा, तापमान, सही.

तू पाठवलेला नवा पंखा मी स्वतः बसवला. प्रोसेसरवर वाटाण्याएवढी पेस्ट लावायची, हे तुझं माप मला पटलं नव्हतं. ओला वाटाणा की सुका, असं मी फोनवर विचारलं तेव्हा तू म्हणालास, "भाऊजी, लावायची आहे, शिजवायची नाही." (हे उत्तर नव्हे. मी दोन्ही समोर ठेवून मधलं माप घेतलं.) सदतीसला तापमान एक्याण्णव. अडतीसला सत्त्याण्णव, आणि मशीन आपोआप बंद. मी वहीत लिहिलं, 'यंत्र नाजूक प्रकृतीचं'. संध्याकाळी तुझी ताई आली, पंखा उतरवायला लावला, उलटा करून पाहिला आणि तिथेच खुर्चीत बसली. पंख्याच्या बुडाशी पारदर्शक कागद तसाच चिकटलेला होता. त्यावर लाल अक्षरं होती, ती मी भिंग लावून वाचली होती. 'बसवण्यापूर्वी काढावे.' पण मला ते सील वाटलं. सील कुणी काढावं, हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. आणि ज्याला तपासणीचा अधिकार नाही त्याने सील काढू नये, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो.

"अहो," ती म्हणाली, "ताप आलेल्याला रेनकोट घातलात तुम्ही."

रेनकोट काढला, जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, आणि प्रकृती एकदम सुधारली. बेचाळीसला एकोणऐंशी. चाळीस मिनिटांचं चित्र चौतीस मिनिटांत झालं. सहा मिनिटं वाचली. आठ चित्रांची अठ्ठेचाळीस. वहीत मी त्याखाली दोन रेघा मारल्या.

आता माझी चूक ऐक. पंख्याची नव्हे, दुसरी. त्या चाळीस मिनिटांत तुझी ताई काय करायची, ते मी कधी मोजलंच नव्हतं. ती उठायची. गॅलरीत माझ्यासमोर स्टूल ओढून बसायची, ताटातले वाटाणे सोलू लागायची, आणि आर्किटेक्टला खिडक्या कशा कळत नाहीत, ते सांगायची. मी 'हं' म्हणायचो. दिवसातून आठ वेळा. बेचाळीस झाल्यावर ती उठेनाशी झाली. "अर्ध्या तासासाठी कुठे उठायचं," म्हणते आणि तिथेच बसून पुढच्या चित्राचे कागद चाळते. काम लवकर होतं म्हटल्यावर आर्किटेक्टने दहा चित्रं पाठवायला सुरुवात केली. गेल्या आठवड्यात सगळे वाटाणे मी एकट्याने सोलले. एकट्याने सोलले की ते फार लवकर संपतात.

मी अडाणी नाही. मला वाटलं, वेग अजून वाढवला तर दहाही चित्रं लवकर संपतील आणि संध्याकाळ मिळेल. म्हणून आज त्रेचाळीस न करता एकदम चव्वेचाळीस केलं (एकेकाने वाढवायचं, हे तुझं वाक्य वहीच्या पहिल्याच पानावर आहे, माझ्याच अक्षरात). तेव्हापासून ते काळं तोंड.

दहा मिनिटं झाली. बॅटरी घालतो.

सुरू झालं. सगळं विसरून ते पुन्हा छत्तीसवर आलं आहे. वहीत नोंद केली. कंबरेला जप.

तुझा,
भाऊजी

ता. क. ताई तुला फोन करून विचारेल. तिला सांग, ही चिप छत्तीसच्या वर टिकायची नाही, बेचाळीसला चालली तो अपघात होता. तू या धंद्यातला, तुझं ती ऐकेल. मी खोटं बोललो तर माझे कान लाल होतात.

ता. क. दुसरा. बेचाळीसला ते तीन आठवडे उत्तम चाललं होतं. हे फक्त तुझ्या माहितीसाठी.

बुधवार, सकाळ. पत्र रात्रभर टेबलावरच राहिलं. घडी मी घातली होती तशी नाही. वहीत माझ्या ३६ च्या खाली तिच्या अक्षरात ३४ लिहिलेलं आहे, आणि शेजारी 'एका चित्राला बेचाळीस मिनिटं'. सही नव्हती. ती मी केली.