छपराला लागलेले हात

२ एप्रिल
बर्फ उतरलं आणि छपराचं खरं रूप दिसलं. उत्तरेकडचं गवत कुजलंय, थेट देवघरावर धार! यंदा शाकारलं नाही तर पुढच्या हिवाळ्यात हे घर बसणार. मग मी नागोयाला, कोहेईच्या दोन खोल्यांत. मुलगा-सून चांगली आहेत. पण तिथे मी दिवसभर करू काय?

५ एप्रिल
नातवाचं पत्र. शाळेत ‘युई’चा अर्थ विचारलाय. कोशात म्हणे ‘मिळूनमिसळून केलेलं काम’. लिहिणारा कधी छपराखाली उभा राहिलेला दिसत नाही! आमचे हे होते तेव्हा ते आणि गावातले जिनबेई सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. युईच्या दिवशी एकाच दोराला दोघे. मदतही नव्हे ती. मदतीचे उपकार होतात. इथे तू माझ्या छपरावर एक दिवस, मी तुझ्या छपरावर एक दिवस. पैसे पुढे केले तर शिवी दिल्यासारखं.
एवढं लिहिलं आणि फाडलं. पोराला काय करायचंय!

९ एप्रिल
जिनबेई आता गावप्रमुख. त्यांना छपराचं विचारलं. ‘बघू या’ म्हणाले. म्हणजे नाही.

१४ एप्रिल
जिनबेई स्वतः आले. चहाला हात लावला नाही.
“वहिनी, तुमचं सोडलं तर चाळीस घरांतली अकरा उरली. वर चढेल असा एक माणूस सांगा.”
कोणाचं नाव घेऊ? माझाच मुलगा इथे नाही.
“पण घर कुजू देणार नाही. दोर लावून खालून छप्पर उतरवू. चांगलं गवत इतरांच्या वळचणीच्या डागडुजीला होईल.”
हो म्हटलं. ते गेल्यावर मी खूप रडले. चौतीस वर्षांपूर्वी हे छप्पर चढवायला सगळं गाव आलं होतं. प्रत्येक घराची फेड केली, एकही चुकवलं नाही. आता कोणाचं कोणाकडे काही नाही. मेल्यासारखंच हे.

१९ एप्रिल
सामान बांधलं. दोन गाठोडी.

२१ एप्रिल
अकराही घरं आली. सगळी म्हातारी. मी भात रांधला, मुळ्याचं लोणचं वाढलं. दुपारपर्यंत छप्पर खाली. वर नुसतं आभाळ! शेजारच्या शिगेकडे निजायला आले. उद्या सकाळची बस.

२२ एप्रिल
शिगे दारातच आडवी उभी.
“कुठे निघालीस? काल आम्ही राबलो, तो दिवस कोण फेडणार? आज माझ्या छपराच्या पेंढ्या बांधायच्यात.”
बस गेली. अकरा घरं, अकरा दिवस. मी घाई करणार नाही.