शकूरचाचांच्या काळीपिवळीचा उजेड

३ डिसेंबर
शकूरचाचांची जुनी काळीपिवळी जीप आज माझ्या गॅरेजच्या शेडमध्ये आली. पुढचे दिवे मंद, स्टार्टरही कण्हतो. "सागर, पाह्य बरं. पहाटे समोरचं काहीच दिसून नाही राह्यलं." याच गाडीतून आई, पंचफुलामावशी आणि बाकीच्या भाजीवाल्या अंधारातच मोताळ्याच्या बाजाराला निघतात. बल्ब नवे, बॅटरी चांगली. म्हणजे दोष अर्थिंगचा — करंट दिव्यापर्यंत पोचतो, पण परतीची वाट कुठेतरी अडली आहे.

४ डिसेंबर
सापडला! बॅटरीची अर्थ वायर बॉडीला जिथे आवळतात, तिथेच रंग. गाडी रंगवताना पेंटरने पत्र्यावर रंग मारून वरून बोल्ट लावला. खाली गंज. लोखंड चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासलं. दिव्यांनाही नव्या अर्थ वायरी ओढल्या. बोल्ट आवळून तपासला. जेवता जेवता उठून पुन्हा तपासला.

५ डिसेंबर
दिवस मावळल्यावर समोरच्या भिंतीवर उजेड मारला. सिमेंटची जाहिरात अक्षर न अक्षर वाचता येत होती! चाचा बघत राहिले.
"अजून मंदच हाये बे. दहावी नापासाच्या हाती गाडी देली, मीच येडा!"
"चाचा, भिंतीवर काय लिहिलंय?"
"तिथं काही लिहेल हाये का?"
हसत होते. मला हसू आलं नाही.

६ डिसेंबर
कसं सांगू? गाडी चालवण्याशिवाय त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. परवा बाजार. आईला म्हणालो, चाचांच्या गाडीत नको जाऊ. "काऊन? शकूरभाऊच्या गाडीत आजवर कोनाले खरचटलं तरी का?" आज चाचा आले तेव्हा शब्द ओठांपर्यंत आले होते — डोळे दाखवा. पुन्हा बोल्टच तपासत बसलो.

७ डिसेंबर
तो बोल्ट आज मीच सैल केला.
चाचांनी चावी फिरवली. नुसती टिकटिक. "म्हटलं नव्हतं? मिस्त्री कच्चा हाये!" चहाच्या टपरीवरचे सगळे हसले. मी म्हणालो, हो चाचा, मला जमत नाही, ठेवून जा.

८ डिसेंबर
आई ऑटोने बाजाराला गेली, नीट आली. दुपारी जेवून शेडमध्ये आलो, तर बॉनेट अर्धवट लागलेलं. मी तर दाबून लावलं होतं! वायर जागच्या जागी. बोल्ट सैलच.

९ डिसेंबर
सकाळी चाचांच्या घरून खैरुन्निसाचाची आल्या. गाडीची दुसरी चावी माझ्या हातात ठेवली. "काल येऊन गेले ते. बोटानं बोल्ट चाचपला, समजलं त्याईले. म्हने, सागरले सांग — आवळू नको."